जुने रेडिओ दुरुस्त करायला घरात टेबल मांडतोय : आधी काय घ्यावं, नंतर काय?

खरखरानंद

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

माळा आवरताना आजोबांचा लाकडी कॅबिनेटचा व्हॉल्व्ह रेडिओ हाती लागला. सोबत चामडी पिशवीतला एक छोटा ट्रान्झिस्टरही निघाला. दोघंही मुके. दोघांना स्वतःच्या हाताने बोलतं करायचं आणि जमलंच तर हा नाद पुढेही ठेवायचा, असं मनात आहे. लहान खोलीतला खिडकीजवळचा कोपरा घरच्यांनी मंजूर केलाय. (अट एकच : पसारा दाराबाहेर दिसता कामा नये.)

हाताशी आहे ते असं : २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, साधा डिजिटल मल्टिमीटर, पक्कड, चार पेचकस. कॉलेजात किट्स जोडली होती. सर्किट वाचता येतं, पण अडखळत. व्हॉल्व्हला आजवर हात लावलेला नाही.

घ्यायच्या वस्तूंची यादी केली आहे : ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर), बेंच पॉवर सप्लाय, एलसीआर मीटर (कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर मोजायचा), हॉट एअर स्टेशन. सगळं एकदम घेणं शक्य नाही, तेव्हा जाणकारांनी क्रम सांगावा.

आणि हो, व्हॉल्व्हचा रेडिओ अजून प्लगला लावलेला नाही. एकदा लावून बघू का, काय होतं ते?

मध्यमलहरी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नका लावू.

वीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले किंवा गळके झालेले असतात. मेणकागदाचे कपॅसिटर तर हमखास लीक असतात. थेट मेन्स दिली तर पाच मिनिटं चालेलही, छान गाणं लागेल, तुम्ही घरच्यांना हाक माराल, आणि तेवढ्यात आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळेल. कपॅसिटर कधीही बदलता येतो. तो ट्रान्सफॉर्मर किंवा पॉवर ट्रान्सफॉर्मर गेला तर तस्साच शोधत फिरावं लागतं किंवा नवा गुंडाळून घ्यावा लागतो.

तुमच्या यादीत सगळ्यात गरजेची वस्तूच नाही, ती म्हणजे सिरीज बोर्ड. लाकडाच्या फळीवर एक होल्डर, एक सॉकेट, एक स्विच, एक फ्यूज. रेडिओच्या फेजच्या तारेत जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा सिरीजमध्ये येईल अशी जोडणी करायची. २३० व्होल्टला ६० वॅटचा दिवा लावलात, तर पुढे रेडिओत पूर्ण शॉर्ट असला तरी ०.२६ अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही. दिवा भगभगीत पेटतो आणि रेडिओ वाचतो. सेट धड असेल तर दिवा आधी उजळतो आणि मग मंद होतो. व्हॉल्व्ह तापून करंट ओढू लागले की पुन्हा किंचित उजळतो. थोड्या दिवसांनी नुसत्या दिव्याकडे बघून सेटची तब्येत कळायला लागते.

एलईडी दिवा इथे चालत नाही. तारेच्या दिव्याचा गुण असा की थंड असताना त्याचा रेझिस्टन्स फारच कमी असतो आणि तापला की दसपटीहून जास्त वाढतो. आपल्याला तोच गुण हवा असतो. ४०, ६० आणि १०० वॅटचे दिवे मिळतील तिथून जमवून ठेवा. चाचणीला ६०, आणि सेट धड वाटला की १००.

अर्धवट_इंजिनीअर

मध्यमलहरींना +१.

हॉट एअर स्टेशन यादीतून खोडाच. ते आजकालच्या, वरच्या वर डाखलेल्या चिमुकल्या पार्ट्सच्या बोर्डांसाठी. व्हॉल्व्ह सेटमध्ये त्याने फक्त धूळ उडेल.

ऑसिलोस्कोप मी पहिल्या महिन्यातच घेतला होता. पहिले दहा रेडिओ मात्र मल्टिमीटर आणि कानांवरच दुरुस्त झाले. स्कोपवर छान साइन वेव्ह बघत बसायचो, एवढाच उपयोग. आणि त्याची एक भीती आहे ती आधीच सांगतो. स्कोपच्या प्रोबची जमिनीची क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते. मेन्सवरच्या चासीला (रेडिओच्या आतला पत्र्याचा सांगाडा) ती क्लिप लावलीत तर फेज सरळ अर्थला. मग एमसीबी, प्रोब आणि तुमचा उत्साह, तिन्ही एकदम ट्रिप.

व्हॉल्व्हकाका

वरच्या शेवटच्या वाक्याकडे दुर्लक्ष करू नका. पुढे काही घेण्याआधी मागचं झाकण काढा (प्लग भिंतीपासून लांब ठेवून!) आणि दोन गोष्टी सांगा :

आत लोखंडी पत्र्यांचा जड पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे का? आऊटपुटचा नव्हे, तो लहान असतो. मेन्सची वायर जिथे जाते तो.

व्हॉल्व्हच्या काचेवर नंबर काय आहेत? पहिलं अक्षर ‘ई’ की ‘यू’?

यावर तुमचं टेबल कसं असावं ते ठरेल. नंबर वाचताना काच बोटाने पुसू नका. जुनी छपाई नुसत्या अंगठ्याने जाते, मग व्हॉल्व्ह बिननावाचा राहतो.

नुसता_वाचक

वाचनखूण साठवली आहे. माझाही एक पडून आहे.

खरखरानंद

काका, झाकण काढलं. आत कोळ्यांची तीन पिढ्यांची वसाहत. जड ट्रान्सफॉर्मर कुठेच दिसत नाही. त्याऐवजी चिनी मातीच्या नळीवर तार गुंडाळलेला एक लांबट रेझिस्टर आहे आणि त्याच्या वरचं कॅबिनेटचं लाकूड काळवंडलंय. व्हॉल्व्ह चार : यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५. म्हणजे ‘यू’.

हे वाईट आहे का?

व्हॉल्व्हकाका

वाईट नाही, पण जपून. हा एसी-डीसी सेट. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे मेन्सची एक तार थेट चासीला जोडलेली असते. प्लग एका बाजूने घातला तर चासीवर न्यूट्रल, उलटा घातला तर फेज. म्हणजे ज्या पत्र्याला धरून तुम्ही सेट फिरवणार, त्याच पत्र्यावर २३० व्होल्ट असू शकतात. म्हणून तर कारखान्यात बटणांचे स्क्रू खोल बसवून वर मेण भरायचे, मागे पुठ्ठ्याचं झाकण लावायचे. तुमचं बटण तुटलेलं असेल तर त्या दांडीला चालू सेटमध्ये बोट लावू नका.

यावर उपाय एकच, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. २३० आत, २३० बाहेर, दोन्ही गुंडाळ्या वेगळ्या. तुमचा सेट ४०-५० वॅटच्या आसपास खाणार, त्यामुळे १०० व्हीएचा पुरतो, १५० असला तर निवांत. यादीतला पहिला क्रमांक त्याला द्या. तो येईपर्यंत थंड सेटवर पुष्कळ काम आहे.

आणि गैरसमज आत्ताच काढून टाका : व्हेरिॲक म्हणजे आयसोलेशन नव्हे. व्हेरिॲकला एकच गुंडाळी असते. व्होल्टेज कमी-जास्त होतं, पण मेन्सपासून सुटका होत नाही. काटा शून्यावर ठेवला तरी चासीवर फेज असू शकते.

आयसोलेशनच्या पुढच्या बाजूला कशालाही अर्थ जोडायचा नाही, आणि एका वेळी एकच सेट. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच) भिंतीवर जरूर असावा, पण ट्रान्सफॉर्मरच्या पुढे दोन तारांना दोन हात लागले तर त्याला काही कळत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. चालू सेटमध्ये मोजताना एक हात खिशात.

हीटर बघा कसे आहेत. ‘यू’ मालिकेतले सगळे व्हॉल्व्ह १०० मिलिअँपिअरचे, आणि माळेसारखे एकापाठोपाठ जोडलेले. १९ अधिक १९ अधिक ५० अधिक ३८, झाले १२६ व्होल्ट. २३० मधले उरलेले १०४ तुमच्या त्या मातीच्या रेझिस्टरने खायचे. ०.१ अँपिअरने भागा : १०४० ओहम, आणि उष्णता दहा वॅटच्या वर. लाकूड उगीच नाही काळवंडलं. प्लग काढलेला असताना तो मोजा, टोकापासून टोकापर्यंत. माळेतला एक हीटर तुटला की सगळे थंड पडतात, म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हचा हीटरही मोजून घ्या.

एक आठवलं म्हणून सांगतो. काही फार जुन्या सेटमध्ये हा रेझिस्टर मेन्सच्या वायरीतच विणलेला असायचा. चालताना वायर कोमट लागते. ‘लांब आहे, कापून छोटी करू’ म्हणून कापली की हीटरना जास्त व्होल्टेज. अशी वायर दिसली तर कात्री लांब ठेवा.

पसारेवाला

विजेचं वर सांगितलंय. मी टेबलाबद्दल बोलतो, कारण माझे निम्मे तास ‘आत्ता तर इथेच ठेवला होता’ यात गेले आहेत.

लाकडी टेबल घ्या. स्टीलचं नको. वर जाड रबरी मॅट. निळी अँटिस्टॅटिक मॅट आणि मनगटाचा पट्टा संगणकाच्या बोर्डांसाठी ठीक आहे, व्हॉल्व्ह सेटच्या टेबलावर नको. तो पट्टा तुम्हाला अर्थला बांधतो, आणि मेन्सजवळ आपल्याला नेमकं तेच नको असतं.

सगळ्या सॉकेट्सना मिळून एकच मोठा स्विच असू द्या, आणि तो टेबलाच्या मागे नको, दाराजवळ हवा. घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा : मी चिकटलेलो दिसलो तर मला हात लावायचा नाही, आधी हा स्विच. आमच्या घरी याची रंगीत तालीम झाली आहे. लहानग्याने त्यानंतर आठवडाभर येता-जाता स्विच बंद केला तो भाग वेगळा.

चासी उलटी करून काम करावं लागतं, आणि उलटी केली की व्हॉल्व्हवर वजन येतं. दोन बाजूंना लाकडी ठोकळे लावून पाळण्यासारखं काहीतरी करून घ्या.

फोटो काढा. झाकण काढल्यावर, चासी बाहेर काढण्याआधी, प्रत्येक तार सोडवण्याआधी. डायलच्या दोऱ्याचा तर आधी फोटो आणि मग कागदावर चित्रही, कुठल्या चक्रीवर किती वेढे ते. मी एकदा फोटो न काढता दोरा सोडला. तीन रविवार गेले. सुई उजवीकडे जायची तेव्हा स्टेशन डावीकडे.

आणि डायलच्या काचेची आतली बाजू पुसू नका. ओल्या फडक्यानेही नाही. अक्षरं त्याच बाजूला छापलेली असतात आणि ती फक्त सवयीने टिकून असतात. माझ्या एका सेटच्या काचेवर आता एकही शहर उरलेलं नाही.

अर्धवट_इंजिनीअर

@व्हॉल्व्हकाका, व्हेरिॲकला आयसोलेशन नाही हे मान्य. पण आयसोलेशनच्या पुढे व्हेरिॲक लावून हळूहळू व्होल्टेज वाढवलं तर जुने इलेक्ट्रोलिटिक पुन्हा ‘फॉर्म’ होतात, म्हणजे परत कामाचे होतात, असं सगळीकडे वाचलंय. मग तो घ्यायला काय हरकत?

व्हॉल्व्हकाका

डायोड असलेल्या सेटमध्ये होतात. इथे रेक्टिफायर यूवाय ८५ आहे, म्हणजे व्हॉल्व्ह. त्याचा हीटर तापल्याशिवाय एचटी (व्हॉल्व्हना लागणारं उंच डीसी व्होल्टेज) येतच नाही. व्हेरिॲक ५० व्होल्टवर तासभर ठेवलात तरी कंडेन्सरपर्यंत (म्हणजे कपॅसिटरपर्यंत) काहीच पोचत नाही. पुढे कधीतरी रेक्टिफायर एकदम जागा होतो आणि कंडेन्सरवर शे-दीडशे व्होल्ट येऊन आदळतात. ‘हळूहळू’ होतच नाही.

माझ्याजवळ व्हेरिॲक आहे, वाईट वस्तू नाही. पण सिरीज दिव्याच्या आधी नको.

मध्यमलहरी

आणि खरं सांगायचं तर पुन्हा फॉर्म केलेले कपॅसिटर चार महिन्यांत परत रुसतात. नवे घाला आणि मोकळे व्हा.

साधीसुधी

थोडं वेगळं मत मांडू का? खरखरानंद, तुमच्याकडे ट्रान्झिस्टर आहे ना? मग सुरुवात त्याच्यापासून करा. नऊ व्होल्टने कोणी मरत नाही. मी स्वतः दोन वर्षं फक्त ट्रान्झिस्टरच केले, आणि व्हॉल्व्हपर्यंत पोचले तेव्हा सुपरहेट (आलेला सिग्नल एका ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे आयएफला, बदलून घेणारा रेडिओ) म्हणजे काय ते हातात बसलं होतं.

यासाठी बेंच पॉवर सप्लाय घ्या. त्यात करंटची मर्यादा लावता आली पाहिजे, बाकी गाळलं तरी चालेल. नऊ व्होल्ट, मर्यादा ५० मिलिअँपिअर. छोटा सेट आवाज बंद असताना साधारण दहा-पंधरा मिलिअँपिअर घेतो. जोडल्या जोडल्या मर्यादेला टेकला तर आत शॉर्ट आहे. शून्य दाखवत असेल तर तार, स्विच किंवा बॅटरीची गंजलेली पट्टी बघा. अर्ध्या वेळा तीच निघते.

तुमचा सेट जुना असेल तर आत जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतील, ओसी ७१, ओसी ७२ असे काहीतरी. ते बहुतेक पीएनपी, आणि अशा सेटमध्ये बरेचदा बॅटरीची धन बाजू सर्किटच्या जमिनीला असते. आजच्या सवयीने काळी तार जमिनीला लावाल तर सेट उलटा जोडला जाईल, आणि जर्मेनियमला उलटं व्होल्टेज सोसत नाही. आधी सर्किट बघा, नाहीतर बॅटरीच्या डब्यावरची खूण. बेस-एमिटरमध्ये ०.१ ते ०.३ व्होल्ट दिसले तर घाबरू नका. ०.६ हा आकडा सिलिकॉनचा.

डाख देताना जर्मेनियमच्या पायाला चिमटा किंवा मगरक्लिप लावून ठेवा. उष्णता चिमट्यात जाते, आत पोचत नाही.

आणि एएफ ११४ ते ११७ यांपैकी कुठला दिसला तर त्याच्यावर पहिला संशय घ्या. या ट्रान्झिस्टरच्या धातूच्या डबीत आतून कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि पायांना डबीशी शॉर्ट करतात. न वापरता पडून राहिले तरी वाढतात. त्यांना चार पाय असतात, चौथा डबीचा. तो चौथा पाय कापला की बरेचदा सेट लगेच बोलतो, कारण मग तंतूला जमीन मिळत नाही. दोन-तीन पाय एकदम शॉर्ट असतील तर मात्र बदलावाच लागतो.

खरखरानंद

साधीसुधी, पटलं. पण व्हॉल्व्हवाला आजोबांचा आहे हो, मन तिकडेच ओढतं. दोन्ही आलटून पालटून करतो.

प्रगती : ड्रॉपर, म्हणजे तो मातीचा रेझिस्टर, १०४७ ओहम भरला (काका, दंडवत!). चारही हीटर सलग. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर १५० व्हीएचा आलाय, सिरीज बोर्ड फळीवर तयार आहे. आता प्रश्न सोल्डरचा आणि सुट्या भागांचा. काय काय भरून ठेवू?

पसारेवाला

सोल्डर शिशाचं, ६३-३७, रोझिन फ्लक्सचं. १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, जुन्या सांध्यांशी जुळतं. बिनशिशाचं २१७ अंशांच्या पुढे वितळतं, जुन्या सेटवर उगाच जास्त ताप द्यावा लागतो. काम झालं की हात साबणाने धुवा, खिडकी उघडी ठेवा. ॲसिडवालं फ्लक्स पत्र्याच्या डब्यांसाठी. रेडिओत शिरलं की तारा हिरव्या पडून गळतात.

तुमचं २५ वॅटचं आयर्न ट्रान्झिस्टर सेटला छान. व्हॉल्व्ह सेटच्या चासीला डाखलेली अर्थची तार त्याने हलणारही नाही. पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो. ६० वॅटचं रुंद टोकाचं एक लागेल. सोबत सोल्डर ओढायचा पंप.

मध्यमलहरी

सुटे भाग सेट बघून आणा, नाहीतर डबे भरतात आणि हवा तो आकडाच नसतो. तरी थोडं जवळ असावं. ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर : ४.७, १०, २२, ४७ आणि १०० नॅनोफॅरड. ४५० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक २२ आणि ४७ मायक्रोफॅरड. जुन्यात ३२ किंवा ५० लिहिलेलं असतं, जवळपासचं चालतं. पण ‘जास्त घालू, गुणगुण कमी होईल’ म्हणून रेक्टिफायरच्या लगेच पुढचा कपॅसिटर दुप्पट-तिप्पट करू नका. व्हॉल्व्ह रेक्टिफायरला चालू होताना तो करंट झेपत नाही. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमधल्या ईझेड ८० ची मर्यादा ५० मायक्रोफॅरडची आहे.

मेन्सच्या दोन तारांमध्ये जो कपॅसिटर असतो, तिथे साधा फिल्म नको. एक्स-२ वर्गाचाच घाला. तो बिघडला तरी आग लागू नये असा बनवलेला असतो. मेन्सपासून चासीला किंवा बाहेरच्या अर्थ-एरियलच्या सॉकेटला जाणारे वाय वर्गाचे. यात काटकसर करू नका.

रेझिस्टर एक आणि दोन वॅटचे. पाव वॅटचे वॅटच्या हिशेबात बसले तरी त्यांना सहसा २५० व्होल्टचीच मर्यादा असते. आणि जुने कार्बनचे रेझिस्टर वयाबरोबर वर सरकतात. २२० किलोओहमचा ३५० भरतो. एक टोक सोडवून मोजा.

नुसता_वाचक

अवांतर : नवे कपॅसिटर जुन्या कागदी नळीत लपवून बसवतात म्हणे, मूळ रूप राहावं म्हणून. कोणी करतं का?

व्हॉल्व्हकाका

करतात. मी करत नाही. पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला वाटतं जुनाच कंडेन्सर आहे, आणि तो पुन्हा कापतो.

साधीसुधी

मी करते. झाकण उघडल्यावर डोळ्यांना बरं वाटतं. नळीच्या आत तारीख लिहून ठेवते, काकांसाठी.

खरखरानंद

मंडळी, सेट पहिल्यांदा चालू केला! आधी दोन्ही इलेक्ट्रोलिटिक आणि मेन्सचा एक्स-२ बदलला. बाकीचे मुद्दाम जुनेच ठेवले, म्हटलं दोष कसा दिसतो ते तरी बघू. ६० चा दिवा भक्कन पेटला, मंद झाला, अर्ध्या मिनिटाने परत थोडा उजळला, अगदी सांगितलं तसं. स्पीकरमधून बारीक गुणगुण. स्टेशन नाही. मग १०० चा लावला. आवाज आला! पण चिरका, भुंग्यासारखा. यूसीएल ८२ बराच तापतोय असं वाटलं म्हणून बंद केला.

मध्यमलहरी

शाब्बास, बंद केलात ते उत्तम केलंत. यूसीएल ८२ च्या एकाच काचेत ट्रायोड आणि पेंटोड असे दोन व्हॉल्व्ह असतात. ट्रायोडच्या ॲनोडकडून पेंटोडच्या ग्रिडकडे जाणारा १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर बघा. तो गळका असला की ॲनोडचं धन व्होल्टेज ग्रिडवर झिरपतं, पेंटोड बेफाम करंट ओढतो, तापतो, आणि पाठोपाठ आऊटपुट ट्रान्सफॉर्मर. पहिल्या पोस्टमध्ये म्हणालो होतो ते हेच.

असं मोजा : सेट बंद, प्लग बाहेर. एचटीच्या कपॅसिटरमधला चार्ज उतरवा. त्यासाठी १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या क्लिपांना लावून ठेवा. ४७ मायक्रोफॅरडला दोन-तीन सेकंद पुरतात. पेचकसाने शॉर्ट करू नका, ठिणगीने कपॅसिटरही दुखावतो आणि आपणही दचकतो. मग मीटर लावून शून्य झालंय याची खात्री करा. आता मीटरची काळी क्लिप एचटीच्या ऋण टोकाला, लाल पेंटोडच्या कंट्रोल ग्रिडला. क्लिपाच लावा, हाताने धरू नका. मग सेट चालू करा आणि आकडा बघा. शून्य किंवा किंचित उणे हवा. एक-दोन व्होल्टही धन दिसले तर कपॅसिटर दोषी.

ओहमच्या रेंजवर तो कपॅसिटर चांगला दिसेल, फसू नका. मीटर ओहमला एक-दोन व्होल्टच देतो. हा गळतो शंभरच्या पुढे.

खरखरानंद

+१४ व्होल्ट.

व्हॉल्व्हकाका

मिळाला चोर.

खरखरानंद

बदलला. आता −०.१. आवाज स्वच्छ, व्हॉल्व्ह नेहमीसारखा गरम. बाकीचे मेणकागदी पण लगेच बदलून टाकले, आता हौस फिटली. पण मध्यम लहरींवर एकच स्टेशन, तेही डायलवर भलतीकडे. आयएफच्या डब्यांतले स्क्रू फिरवून बघू का? तिथे चार गाभे आहेत.

साधीसुधी

थांबा थांबा! ते गाभे फेराइटचे असतात, लोखंडी पेचकसाने फिरवले की चिरतात आणि डबीतच अडकतात. प्लॅस्टिकची अलाइनमेंट किल्ली मिळते ती वापरायची. पण मुळात त्यांना कारणाशिवाय हात लावायचा नाही. आयएफ सहसा आपोआप फार सरकत नाही, कोणीतरी फिरवलेलं असतं तेव्हाच बिघडतं. डब्यांवरचं मेण किंवा रंगाचा ठिपका शाबूत असेल तर कोणी फिरवलेलं नाही.

आधी ऑसिलेटर बघा. त्याला कुठलंही उपकरण लागत नाही, दुसरा चालू रेडिओ लागतो. सुपरहेटमध्ये मध्यम लहरींवर ऑसिलेटर हा स्टेशनच्या वर आयएफ इतक्या अंतरावर चालतो. आयएफ ४५५ किलोहर्ट्झ धरा. तुमचा सेट ८०० वर लावा, शेजारी ट्रान्झिस्टर ठेवून तो १२५५ च्या आसपास फिरवा. एका जागी खरखर एकदम दबेल, किंवा तिथे स्टेशन असेल तर शिट्टी येईल. ती जागा म्हणजे तुमच्या सेटचा ऑसिलेटर. ती १२५५ च्या ऐवजी १३०० वर सापडली तर डायल तेवढी सरकलेली आहे. कधी कधी चूक फक्त एवढीच असते की दोऱ्यावरची सुई घसरलेली असते. बघा आधी.

अर्धवट_इंजिनीअर

सिग्नल जनरेटरची वेळ खरं तर आत्ता येते. घ्याच, पण साधा चालेल : ४५५ देता आलं पाहिजे, ४०० किंवा १००० हर्ट्झने ३० टक्के मॉड्युलेट करता आलं पाहिजे, आणि आऊटपुट खूप कमी करता आलं पाहिजे. बहुतेक स्वस्त यंत्रं या तिसऱ्यात नापास होतात. ऑसिलेटरची खालची बाजू, साधारण ६०० किलोहर्ट्झ, कॉइलच्या गाभ्याने. वरची बाजू, १४०० च्या आसपास, ट्रिमरने. दोन्ही एकमेकांना हलवतात, म्हणून दोन-तीनदा आलटून पालटून. तुमच्या सेटचा आयएफ नेमका किती ते सर्व्हिस शीटवर बघा. ४५२, ४७० असेही असतात.

एलसीआर मीटरऐवजी तो छोटा कंपोनंट टेस्टर घ्या, ट्रान्झिस्टरचे पायही ओळखतो. कपॅसिटर त्यात घालण्याआधी चार्ज उतरवा. मी उतरवला नव्हता. आता माझ्याकडे दुसरा टेस्टर आहे.

खरखरानंद

साधीसुधी, सुईच होती! दोऱ्यावर बोटभर घसरली होती. ८०० चा ऑसिलेटर १२६० ला सापडला, म्हणजे जवळपास बरोबर. गाभ्यांना हात लावला नाही.

बँड स्विचला कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवला, व्हॉल्यूमचंही तेच, खरखर गेली. रात्री दहानंतर लावला तर डायलभर स्टेशनं. दिवसा मात्र तेच एक. आणि दिवसा-रात्री, सगळ्या डायलवर एक सततची घरघर आहे. इलेक्ट्रोलिटिक नवे आहेत, मग ही कुठून?

मध्यमलहरी

रात्री जास्त लागणं हे बरोबरच आहे. दिवसा सूर्यामुळे वातावरणाचा जो खालचा थर मध्यम लहरी शोषतो, तो रात्री विरतो. अनेक देशांत मध्यम लहरींची केंद्रं बंद होत गेली आहेत, त्यामुळे दिवसाची डायल ओसच असते. त्यात सेटचा दोष नाही.

घरघर : आवाजाचं बटण शून्यावर आणलं की राहते की जाते?

खरखरानंद

जाते.

मध्यमलहरी

मग ती फिल्टरची नाही, हवेतून येतेय. टेबलावर काय काय चालू आहे?

खरखरानंद

सिरीज बोर्ड, मीटर बॅटरीवर. आणि नवीन भिंगाचा दिवा, गोल एलईडीचा, पसारेवाल्यांसारखं नीट दिसावं म्हणून कालच आणलेला.

...

बंद केला. घरघर गायब.

पसारेवाला

मी भिंगाचा दिवा सांगितला नव्हता हं!

मध्यमलहरी

दिव्याचा ॲडॉप्टर ओरडतोय. तो बदलून बघा किंवा वायरीला फेराइटचा मणी लावा. मोबाइलचे चार्जरही त्याच जातीचे, टेबलाच्या सॉकेटवर नकोत. आणि एक तारेचा दिवा तर तुमच्या फळीवर आहेच. ऐकायच्या वेळी तोच वापरा.

साधीसुधी

आता तो चामडी पिशवीतला उघडा. आत एएफ ११७ आहे का सांगा.